चरित्रनायिकेला देव्हाऱ्यात बसवू नका

गेल्या जानेवारीत आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली. नात चौथीत शिकते. शाळा बंगळूरची, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, शेजारपाजार कन्नड आणि घरात मराठी, असे तिचे तीन भाषांचे जग आहे. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले ह्यांची जयंती. त्या दिवशी वर्गात तिला पाच वाक्ये बोलावयाची होती. ती तिने मन लावून पाठ केली. जन्म १८३१ साली नायगाव येथे. लग्न नवव्या वर्षी जोतिरावांशी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा. शाळेत जाताना लोक अंगावर शेण व दगड टाकीत. तरीही त्या डगमगल्या नाहीत. पाचही वाक्ये बिनचूक होती. लुगडे नेसवून झाले, कपाळावर कुंकू रेखून झाले, आणि आरशापुढे उभी असता तिने विचारले, "आजी, ते लोक कोण होते?"

"कोणते लोक?"

"शेण टाकणारे."

मी म्हणाले, "होती काही वाईट माणसे."

"वाईट म्हणजे चोर होती का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती माणसे चोर नव्हती. सकाळी देवपूजा करणारी, सणवार पाळणारी, स्वतःच्या मुलाबाळांवर माया करणारी अशीच ती माणसे असणार. त्यांतील कोणी आपल्या पणजोबांच्या ओळखीचे असेल, कदाचित नात्यातलेही असेल. हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगावे की नाही, आणि सांगावयाचे तर कसे, हा प्रश्न घेऊन मी त्या दिवसापासून मुलांकरिता लिहिलेली स्त्रीचरित्रे वाचू लागले. त्या वाचनातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बालचरित्रांचे शहर

असा शोध घेण्यास बंगळूरसारखे दुसरे सोयीचे शहर नाही. मराठी माणसाला हे शहर परके नाही. शहाजीराजांची जहागीर येथे होती आणि तेव्हापासून मराठी बोलणारी घराणी ह्या प्रदेशात नांदत आली आहेत. मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत तर ह्या शहराने इतर भाषांनाही पुष्कळ दिले आहे. येथील राष्ट्रोत्थान साहित्य ह्या संस्थेने प्रा. एल. एस. शेषगिरी राव ह्यांच्या संपादकत्वाखाली 'भारत-भारती' ही कन्नड चरित्रमाला काढली. खिशात मावतील अशी छोटी छोटी ५१० चरित्रे तीत प्रसिद्ध झाली. कर्नाटकातील एका पिढीला थोरांची पहिली ओळख ह्या पुस्तिकांनी करून दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे २००४ साली ह्याच शहरात 'प्रथम बुक्स' ही संस्था निघाली. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक पडावे, हा तिचा उद्देश. स्वस्त, सचित्र आणि अनेक भारतीय भाषांत एकाच वेळी निघणारी पुस्तके हे तिचे वैशिष्ट्य. २०१५ साली तिने 'स्टोरीविव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथील गोष्टी कोणालाही विनामूल्य वाचता येतात, छापून घेता येतात आणि दुसऱ्या भाषेत उतरविताही येतात. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या घरांना ह्या सोयीचे मोल विशेष आहे. एकच गोष्ट आमच्या नातीने शेजारच्या मैत्रिणीबरोबर कन्नडमध्ये वाचावी आणि रात्री मजजवळ बसून मराठीत वाचावी, हे आता घडू शकते.

ह्या पुस्तकांत कर्तबगार स्त्रियांची चरित्रेही आहेत. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी ह्यांच्यावरील नंदिता जयराज ह्यांचे पुस्तक त्यांपैकीच एक. अण्णा मणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या. त्यांनी प्रबंध सादर केला. परंतु पदव्युत्तर पदवी नाही ह्या कारणास्तव त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. शास्त्रज्ञ स्त्रीच्या चरित्रातही नियमाची बंद दारे अशी मध्येच येतात. मात्र शास्त्रज्ञाचे चरित्र आणि हक्कासाठी झगडणाऱ्या स्त्रीचे चरित्र ह्यांत एक मोठे अंतर आहे, आणि लेखकाची खरी कसोटी तेथेच लागते.

प्रतिपक्ष कोण?

शास्त्रज्ञाला झुंजावयाचे असते ते अज्ञानाशी. पावसाचे गूढ उकलले म्हणून कोणाच्या भावना दुखावत नाहीत. गिर्यारोहकाचा प्रतिपक्ष पर्वत असतो, आणि पर्वताला नातेवाईक नसतात. पण हक्कासाठी लढणे म्हणजे माणसांशी लढणे. जो हक्क मागावयाचा, तो कोणीतरी अडवून धरलेला असतो. अडविणारा कधी राजा असतो, कधी कायदा असतो, कधी धर्माचा अधिकारी असतो आणि पुष्कळदा तो घरातलाच, मायेचा मनुष्य असतो. मुलांकरिता लिहिणारा लेखक येथे अडखळतो. कोणाचे मन दुखवू नये ह्या सद्हेतूने तो प्रतिपक्षाचे नाव गाळतो. 'समाजाने विरोध केला', 'सनातनी लोकांनी छळ केला' असे एक वाक्य लिहून तो पुढे जातो. मग उरते ती पाच वाक्यांची चौकट: जन्म, कष्ट, निश्चय, यश आणि पुण्यस्मरण. ह्या चौकटीत नाव बदलून कोणतीही स्त्री बसविता येते.

ह्यात तोटा काय, असे कोणी विचारील. तोटा असा की, लढा गाळला म्हणजे हक्क हे दान वाटू लागते. पूर्वी मुली शाळेत जात नव्हत्या, मग एक थोर बाई झाली, आणि आता मुली शाळेत जातात, इतकेच मुलाच्या मनावर ठसते. जणू काळ पुढे गेला म्हणजे न्याय आपोआप होतो! अशा चरित्रातून मूल वंदन करण्यास शिकते. अन्याय ओळखण्यास शिकत नाही. आपल्या वर्गात एखाद्या मुलाला कोणी शेजारी बसू देत नसेल, तर त्या गोष्टीचा आणि पाठ केलेल्या चरित्राचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

सख्खा भाऊ

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला अखेर सावित्रीबाईंनीच दिले. जोतिरावांस त्यांनी लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे आहे. आजारपणामुळे त्या तेव्हा नायगावी माहेरी राहिल्या होत्या. तेथे त्यांच्या भावाने त्यांना बोल लावला. तू आणि तुझा नवरा वाळीत पडलात ते योग्यच झाले. महार-मांगांसाठी तुम्ही जे करता ते पतित कर्म आहे. जातीच्या रूढीप्रमाणे वाग, असे त्याचे म्हणणे. सावित्रीबाई रागावून उठून गेल्या नाहीत. त्यांनी भावाला समजावले की, तू गायबकऱ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र अस्पृश्य मानतोस, ह्याचे कारण काय? हा संवाद ऐकून आईचे मन द्रवले, असे त्या पत्रात लिहितात.

म्हणजे विरोध करणाऱ्या 'त्या लोकांत' सावित्रीबाईंचा सख्खा भाऊही होता! तो दुष्ट नव्हता. बहिणीवर त्याची माया नव्हती असेही नाही. जे सगळे मानीत होते ते तोही मानीत होता, एवढेच. मला वाटते, कोणत्याही बालचरित्रात शेणगोळ्यांच्या प्रसंगाशेजारी हा प्रसंग अवश्य असावा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने केलेला अपमान सोसण्यास धैर्य लागते. पण माहेरच्या ओसरीवर, आपले मीठभाकर एकत्र खाल्लेल्या भावाशी मायेने वाद घालण्यास त्याहून अधिक धैर्य लागते. आणि मुलांच्या आयुष्यात पहिल्या प्रकारापेक्षा दुसरा प्रसंगच अधिक वेळा येतो.

२९ ऑगस्ट १८६८ च्या दुसऱ्या पत्रात असाच एक प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातील मुलगी ह्यांचे प्रेम जमले होते. गावकरी त्या दोघांना मारीत मारीत गावातून नेत होते. हे कळताच सावित्रीबाई धावून गेल्या. माणूस मारलात तर सरकारचा कायदा तुम्हांला सोडणार नाही, असे सांगून त्यांनी त्यांचा जीव वाचविला आणि दोघांना पुण्यास जोतिरावांकडे पाठविले. तिसरे पत्र १८७७ च्या दुष्काळातले, जुन्नरकडून लिहिलेले. ही पत्रे वाचताना आपल्यापुढे संगमरवरी पुतळा उभा राहत नाही. धावणारी, दमणारी, समजावणारी, वेळप्रसंगी दरडावणारी एक बाई उभी राहते. प्लेगच्या साथीत रोगी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी तिचा अंत झाला. पहिली शिक्षिका हे बिरुद खरेच मोठे. पण ही बाई त्याहून मोठी आहे.

आणि लेखकाने सावित्रीबाईंच्या शाळेतील बाकांकडेही एकदा पाहावे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता ह्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ पाहण्याचीही आम्हांस बंदी, तो धर्म आमचा कसा, असा रोखठोक प्रश्न तीत त्या शाळकरी मुलीने विचारला आहे. हक्काची भाषा मोठ्यांचीच असते असे समजणाऱ्या मुलांना मुक्ताची ओळख करून द्यावी. ती त्यांच्याच बाकावरची आहे.

अर्धवट विजयाची गोष्ट

बालचरित्रकारांस विजय फार आवडतो. शेवटच्या पानावर नायिका जिंकलीच पाहिजे. पण हक्कांच्या लढ्यात निकाल पुष्कळदा अर्धामुर्धा लागतो. डॉ. रखमाबाईंचे उदाहरण घ्या. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या ह्या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावून देण्यात आले. मोठी झाल्यावर तिने नांदावयास जाण्यास नकार दिला. अजाण वयात, संमतीवाचून लावलेले लग्न मजवर बंधनकारक नाही, असे तिचे म्हणणे. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तो फेटाळला. त्यावर अपील झाले, प्रकरण पुन्हा उभे राहिले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. आपण कैद पत्करू, असे रखमाबाईंनी सांगितले.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणतेही मूल विचारील, "मग त्या तुरुंगात गेल्या का?" नाही, गेल्या नाहीत. १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडला. कायदा जेथे होता तेथेच राहिला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली, आणि १९५५ साली, नव्वदी गाठून त्या निवर्तल्या. त्यांच्या खटल्याने जी खळबळ उडाली तिने १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची वाट सोपी केली. परंतु त्या कायद्यानेही वयाची मर्यादा दहावरून बारावरच नेली.

पैसे देऊन सुटका झाली, हे सांगण्याची लेखकाला लाज का वाटावी? न्यायालयाने न दिलेला न्याय एका मुलीला पदरचे पैसे मोजून घ्यावा लागला, ही गोष्टच कायदा कसा होता हे मुलाला नेमके सांगते. शेवटी टाळ्या वाजविण्याजोगे काही न मिळाले तर मूल विचार करील, आणि तोच चरित्राचा खरा लाभ आहे.

जे पान गाळले जाते

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला होता. आईनेच रमेला शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. बहीणभाऊ पायी देशभर हिंडत कलकत्त्यास पोहोचली आणि १८७८ साली तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढे त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींकरिता स्त्री शिक्षिका आणि स्त्रियांकरिता स्त्री डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी निर्भीडपणे मांडली.

एवढा भाग बहुतेक चरित्रांत उत्साहाने येतो. त्यानंतर मात्र लेखणी घाईने धावू लागते. कारण १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. ज्यांनी गौरव केला त्यांतील अनेकांनी पाठ फिरविली. तरीही केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातील शेकडो अनाथ मुलींना आसरा दिला.

हा धर्मांतराचा प्रसंग मुलांना सांगावा का? माझे उत्तर आहे: सांगावा, दोन्ही बाजूंचे म्हणणे सांगावे, आणि निकाल देण्याची घाई करू नये. स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडण्याचा अधिकार हाही माणसाचाच अधिकार आहे आणि आपल्या संविधानाने तो मान्य केला आहे. थोर व्यक्तीविषयी सर्वांचे एकमत असतेच असे नाही, ही गोष्ट मुलांना लहानपणीच कळली तर पुढे मोठेपणी ती वादाला घाबरत नाहीत आणि वाद घालणाऱ्याला शत्रूही मानीत नाहीत.

आमच्या गावच्या दोघी

बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांना महाराष्ट्रातील स्त्रियांबरोबर ह्या मातीतल्या स्त्रियाही माहीत असाव्यात. नंजनगूड येथे १८७८ साली जन्मलेल्या नागरत्नम्मा ह्या बंगळूर नागरत्नम्मा ह्याच नावाने प्रसिद्ध झाल्या. देवदासी घराण्यातील ही गायिका. संतकवी त्यागराजांची तिरुवैयारू येथील समाधी दुर्लक्षित पडली होती, ती त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून बांधून काढली. पण त्याच जागी दरवर्षी होणाऱ्या आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. ज्या बाईने समाधी बांधली तिलाच तेथे गाता येऊ नये, हा कोठला न्याय? नागरत्नम्मांनी १९२७ च्या सुमारास स्त्रियांचा निराळा गट उभा करून आराधना सुरू केली. पुढे १९४० च्या सुमारास सर्व गट एक झाले, आणि स्त्रियांचे गायन तेथे रूढ झाले. मुलांना ही गोष्ट लगेच पटते, कारण खेळातून वगळले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

दुसऱ्या आर. कल्याणम्मा. बालपणीच वैधव्य आलेल्या ह्या स्त्रीने १९२१ पासून सुमारे चार दशके 'सरस्वती' हे कन्नड मासिक चालविले आणि स्त्रियांच्या प्रश्नांना वाचा फोडली. चामराजपेठेच्या परिसरातील 'मक्कळ कूट', म्हणजे मुलांचा मेळावा, ही संस्था त्यांनीच स्थापन केली. जिचे बालपण रूढीने हिरावून घेतले, तिने शहरातील मुलांना खेळावयास व गावयास हक्काची जागा दिली, ही केवढी हृद्य गोष्ट आहे! त्या भागातून आपण कितीदा जातो. थांबून मुलांना ही हकीकत सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

स्वयंपाकघरातला हक्क

जुन्या काळच्या चरित्रांचा एक धोका असा की, अन्याय ही पूर्वीचीच गोष्ट आहे असे मुलांना वाटू लागते. म्हणून हयात असलेल्या स्त्रियांचीही चरित्रे त्यांच्या हाती द्यावीत. बंगळूरमध्ये राहून काम करणाऱ्या रूथ मनोरमा ह्यांचे नाव येथे घेतले पाहिजे. झोपडवस्तीतील स्त्रिया, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि दलित स्त्रिया ह्यांच्या हक्कांसाठी त्यांनी संघटना उभ्या केल्या. ह्या कार्याबद्दल त्यांना २००६ साली 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरकाम करणाऱ्यांना किमान वेतन ठरवून देण्याचे पाऊल कर्नाटक राज्याने २००४ साली उचलले. त्यामागे अशाच संघटनांचे दीर्घ श्रम होते.

मानवी हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय किंवा मोर्चा येतो. आपले स्वयंपाकघर येत नाही. पण रूथ मनोरमांची गोष्ट सांगू लागलो की मूल विचारणारच: आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशींना सुट्टी असते का? त्यांचा चहाचा पेला वेगळा का ठेवला आहे? आमच्याही घरी हा प्रश्न आला, आणि खरे सांगावयाचे तर माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. पेला त्या दिवसापासून वेगळा राहिला नाही. आठवड्याची एक भरपगारी सुट्टीही ठरली. एवढ्याने समाज बदलला असे नव्हे. पण चांगले चरित्र वाचकाला नुसते भारावून सोडत नाही, थोडे अवघडूनही टाकते, हे मला त्यावरून पटले.

एका शब्दाचे मोल

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील रोझा पार्क्स ह्यांची गोष्ट जगभर सांगितली जाते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात त्यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही. 'दमलेली शिवणकाम करणारी बाई' असे त्यांचे चित्र पुष्कळ बालपुस्तकांत रंगविलेले असते. वस्तुतः त्या वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेत चिटणीस म्हणून काम करीत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी अशा कार्याचे शिक्षणही घेतले होते. त्यानंतर तेथील लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. ऊनपाऊस न पाहता ते पायी कामावर जात राहिले. तयारी, संघटना आणि हजारो अनामिकांची पायपीट वगळली, तर उरतो तो केवळ चमत्कार. आणि चमत्काराचे अनुकरण कोणालाच करता येत नाही.

आपल्या हंसाबेन मेहता ह्यांचे उदाहरण तर प्रत्येक भारतीय मुलाला माहीत असावे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असता पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व 'पुरुष' समान आहेत अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. पुरुष म्हणजे माणूस, त्यात स्त्रिया आल्याच, असे समर्थन होई. हंसाबेनांनी आग्रह धरला, आणि त्या जागी सर्व 'मानव' असा अर्थ असलेले शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दांसह. विशेष म्हणजे ह्याच हंसाबेनांनी गुजरातीत मुलांकरिता पुष्कळ पुस्तके लिहिली. मुलांकरिता लिहिताना एकेक शब्द तोलून मापून वापरावा लागतो. ती सवय जगाच्या व्यासपीठावरही कामी आली असेल काय, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

पालकांनी काय करावे?

पुस्तक विकत घेताना वेष्टनावरील चित्रापेक्षा आतील दोन-तीन पाने चाळून पाहावीत. नायिकेला विरोध कोणी केला, हे स्पष्ट लिहिले आहे का? तिला मदत करणाऱ्यांची नावे आहेत का? सावित्रीबाईंबरोबर फातिमा शेख आहेत का? तिला कधी भीती वाटली, कधी तिचे चुकले, कधी तिला हार पत्करावी लागली, असे काही आहे का? ऐकीव आख्यायिका आणि कागदोपत्री पुरावा ह्यांत लेखकाने फरक केला आहे का? ही विचारपूस केली तर बरे पुस्तक ओळखण्यास अडचण पडत नाही. आणि हाती आलेले पुस्तक अपुरे असले तरी टाकून देण्याचे कारण नाही. जे गाळले आहे ते वाचता वाचता आपण भरून काढावे.

छळाचे, हिंसेचे वर्णन किती करावे, हा विवेक मात्र राखला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला 'तिला शाळेत जाऊ देत नव्हते' इतके पुरते. बारा वर्षांच्या मुलाला का जाऊ देत नव्हते, हेही कळले पाहिजे. सत्य वयाप्रमाणे थोडे थोडे सांगावे, पण असत्य कोणत्याही वयात सांगू नये.

आणखी एक सुचवावेसे वाटते. सुट्टीत मुलांकडून घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईचे चार पानी चरित्र लिहवून घ्यावे. तुला शाळेतून केव्हा काढले? नोकरीला कोणी नको म्हटले? वडिलांच्या घरात तुझा वाटा होता का, आणि तू तो मागितलास का? ह्या प्रश्नांची उत्तरे ऐकताना मुलांना उमगते की, हक्कांचा इतिहास फक्त पुण्यात आणि पॅरिसमध्ये घडलेला नाही. तो आपल्या आजीच्या ट्रंकेतही घडी घालून ठेवलेला आहे.

आता नातीच्या भाषणाचे सांगून लेख संपविते. मी तिला सावित्रीबाईंच्या भावाची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो वाईट नव्हता, त्याला समजत नव्हते." मी म्हटले, "असेल; पण त्याच्या न समजण्याने दुसऱ्यांना दुःख होत होते." त्यावर तिने मान डोलावली आणि आपल्या पाच वाक्यांना स्वतःचे सहावे जोडले. वर्गात ती म्हणाली, "सावित्रीबाईंचा भाऊसुद्धा त्यांच्या विरुद्ध होता, पण त्या त्याच्याशी बोलत राहिल्या."